डांबर, मुरूम आणि एकच जोड

पुण्यात धावणाऱ्याच्या पायाखालची जमीन फार लवकर बदलते. भांडारकर रस्त्यावरून निघालं, लॉ कॉलेज रस्ता ओलांडला आणि कांचन गल्लीतून टेकडीवर चढलं, की तेवढ्याशा अंतरात डांबर, काँक्रीट, फुटपाथचे पेव्हर ब्लॉक, मुरूम आणि उघडा कातळ असं सगळं पायाखालून जातं. गोखलेनगरातून हनुमान टेकडी गाठा, सहकारनगरातून तळजाईला जा, क्रम थोडा बदलतो, इतकंच. घराच्या दारातून धावत निघून अर्ध्या तासात रानवाटेवर पोचता यावं, हे या शहराचं मोठं भाग्य आहे. ते अजून टिकून आहे, याचं मोल टेकडीवर रोज येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

या भाग्याबरोबर एक अडचणही येते. रस्ता संपला म्हणून बूट बदलता येत नाहीत. दुकानात मात्र बूट दोन वेगळ्या भिंतींवर टांगलेले असतात, एकीकडे रोड आणि दुसरीकडे ट्रेल. रस्त्याचा गुळगुळीत तळाचा बूट टेकडीच्या उतारावर सरकतो, तर खोल दातांचा ट्रेल बूट डांबरावर टोचतो आणि भराभर झिजतो. दोन्ही जोड घ्यायचे तर खर्च दुप्पट. सोप्या पायवाटांसाठी आणि रस्त्यासाठी मिळून एकच बरा जोड, तोही साधारण अडीच ते पाच हजारांत, नक्की मिळू शकतो. फक्त निवड बुटाच्या रंगरूपावरून न करता आपल्या जमिनीवरून करायला हवी.

ही जमीन कशी आहे ते आधी नीट पाहू. वेताळ टेकडीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर आणि शहर 560 मीटरच्या आसपास, म्हणजे चढ-उतार काही फार मोठा नाही. खडक बेसॉल्ट, आपला काळा कातळ. तो झिजून त्याचा मुरूम होतो. पायवाटेवर हा मुरूम हजारो पावलांनी दाबून दगडासारखा घट्ट झालेला असतो आणि त्याच्या वर सुटलेल्या बारीक खड्यांचा पातळ थर असतो. डिसेंबरपासून जूनपर्यंत पाणी नसतं, वाट आणखी सुकते आणि हा थर वाढत जातो. टेकडीवर माणसं घसरतात ती बहुतेक इथे, कोरड्या उतारावर, मोहरी सांडलेल्या फरशीवर पाय पडावा तशी. अशा जागी खोल दातांचा काहीच उपयोग होत नाही, कारण दातांना रुतायला खाली मऊ माती नाही. उलट दात जितके खोल आणि विरळ, तितकं जमिनीला टेकणारं रबर कमी. इथे कामाला येतं ते जास्तीत जास्त रबर जमिनीला लागणं आणि त्या रबराला खडे बाजूला सारतील अशा बारीक कडा असणं.

म्हणून आपल्या टेकड्यांसाठी तळाच्या दातांची खोली, जिला दुकानात लग डेप्थ म्हणतात, अडीच ते साडेतीन मिलिमीटर असली की पुरते. रस्त्याच्या बुटाची नक्षी सहसा एक-दोन मिलिमीटरची असते. खऱ्या ट्रेल बुटाचे दात चार-पाच मिलिमीटरचे आणि चिखलासाठी बनवलेल्यांचे सहा किंवा जास्त. पाच मिलिमीटरचे दात मऊ माती, ओलं गवत, चिखल यांत शोभतात. तशी जमीन पुण्याच्या टेकड्यांवर पावसाळ्यातले काही आठवडेच असते. उरलेल्या वर्षभर तेच दात डांबरावर आपटत राहतात. सगळा भार मोजक्या टोकांवर येतो, प्रत्येक पावलाला दात बाजूला वाकतात आणि आधी त्यांच्या कडा जातात. मग उरतो तो जड, आखूड दातांचा तळ, जो धड रस्त्याचाही नाही आणि टेकडीचाही नाही. दात रुंद, चपटे आणि मधल्या भागात जवळजवळ असलेले बघा. कडेला थोडे विरळ चालतील, तेवढ्याने चिखल झडतो. खोली डब्यावर लिहिलेली नसेल तर कागदाची घडी खाचेत उभी घालून दाताच्या वरच्या पातळीवर नखाने खूण करावी आणि पट्टीवर मोजावी.

यानंतर रबर. स्वस्त बुटांत सगळ्यात मोठी काटकसर इथेच केलेली असते, आणि तीच सगळ्यात उशिरा लक्षात येते. वरून पाहिलं तर तळ नक्षीदार, दोन रंगांचा, पण तो सगळा ईव्हीए, म्हणजे स्पंजसारखा हलका प्लास्टिक फोमच असतो, रबर नावालाही नाही. ओळखायला अंगठ्याचं नख पुरतं. तळावर नख दाबून पाहा. खोल खूण उमटून तशीच राहिली तर तो फोम. रबरावर नख फारसं रुतत नाही आणि रुतलंच तर खूण लगेच भरून येते. उघडा फोम मुरमावर कापला जातो, बारीक खडे त्यात घुसून बसतात, आणि ओल्या फरशीवर तो सरकतो. लेबलवर टीपीआर किंवा पीव्हीसी (दोन्ही प्लास्टिकच्याच जाती) सोल लिहिलेला बूट फिरायला, बाजारात जायला ठीक, धावायला घेऊ नये. हे तळ टिकतात, पण ओल्यावर बऱ्याचदा नीट धरत नाहीत. फायलॉन लिहिलं असेल तर तोही ईव्हीएचाच, उष्णता आणि दाब देऊन घडवलेला प्रकार. मधल्या थराला तो चांगला, पण त्याच्या खाली रबर हवंच.

रबरातही दोन जाती भेटतात. कार्बन रबर कडक आणि टिकाऊ, ते टाचेखाली असावं. ब्लोन रबर हवा भरलेलं, मऊ आणि हलकं, ते धावताना सुखावतं पण मुरमावर लवकर खरवडून जातं. रस्त्याच्या बऱ्याच बुटांत वजन वाचवायला टाचेची बाहेरची कड, चवडा आणि अंगठ्याखाली तेवढे रबराचे तुकडे लावून मधला फोम उघडा ठेवतात. डांबरावर त्याने काही बिघडत नाही. टेकडीवर मात्र तुकड्यांच्या कडा दगडाला अडकून सुटायला लागतात, आणि सोल निघण्याची सुरुवात तिथूनच होते. दोन्हीकडे चालणाऱ्या बुटाला टाचेपासून बोटांपर्यंत सलग रबर असावं, आणि ते पुढे टोकावर थोडं वर वळलेलं असावं. त्यापायी जोड थोडा जड झाला तरी तो भार घ्यावा. यूके 8 मापाचा पुरुषांचा एक बूट 270 ते 320 ग्रॅमच्या आत असला की पुरे.

ओल्या कातळाबद्दल मात्र कोणत्याही बुटावर विश्वास टाकू नये. जुलै-ऑगस्टमध्ये कातळावर, जुन्या दगडी पायऱ्यांवर शेवाळ धरतं. रबर शेवाळाला धरतं आणि शेवाळ दगडावरून सुटतं. रस्त्यावर हेच गटारांच्या लोखंडी झाकणांवर, झेब्रा क्रॉसिंगच्या रंगाच्या पट्ट्यांवर आणि गुळगुळीत झालेल्या पेव्हर ब्लॉकवर होतं. अशा जागी पाऊल आखूड करायचं आणि पाय शरीराच्या बरोबर खाली पडू द्यायचा. हे काम शरीराचं आहे, पैसे देऊन ते विकत मिळत नाही.

फोमविषयी जाहिराती सर्वाधिक बोलतात, आणि सोप्या रानवाटांच्या बाबतीत तिथेच पैसे वाचवता येतात. महाग बुटांतले नवे उसळते फोम रस्त्यावरच्या वेगासाठी बनवलेले आहेत. ते मऊ असतात, थर जाड असतो, आणि दगडावर अर्धा पाय पडला की बूट एका बाजूला कलतो. जाडी जितकी जास्त तितका घोटा मुरगळण्याचा धोका जास्त, कारण पाय जमिनीपासून उंच गेलेला असतो. साधा, थोडा घट्ट ईव्हीए आपल्या कामाला योग्य. टाचेखाली एकूण 25 ते 32 मिलिमीटर, चवड्याखाली 18 ते 24, म्हणजे टाच आणि चवडा यांतला फरक 6 ते 10 मिलिमीटर. ज्यांना रोजच्या बुटांत टाच उंच असायची सवय आहे, त्यांनी हा फरक एकदम शून्यावर आणू नये. पोटरी आणि टाचेमागची शीर त्याचा ताण घेतात. खडे टोचतात का, हे दुकानातच कळतं. पेनाचं टोपण जमिनीवर ठेवून त्यावर चवडा टेकवून उभं राहा. खाली काहीतरी आहे हे कळलं पाहिजे, दुखता कामा नये. काही ट्रेल बुटांत यासाठी तळात कडक पातळ पत्रीसारखा थर घालतात. कात्रज ते सिंहगडासारख्या लांबच्या दगडी वाटेवर तो तळव्याला वाचवतो. वेताळ, तळजाई, पाषाण इथे त्याची गरज नाही, आणि रस्त्यावर त्याने बूट विनाकारण ताठर होतो.

हातात घेऊन आणखी तीन गोष्टी करून पाहाव्यात. बूट टोकाला आणि टाचेला धरून वाकवा. तो चवड्याच्या रेषेत, जिथे बोटं वाकतात तिथे वाकला पाहिजे. मधोमध दुमडला तर चढावर तळव्याला आधार उरत नाही. मग कपडा पिळावा तसा पिळा, थोडा विरोध जाणवायला हवा. शेवटी टाचेची मागची भिंत दोन बोटांनी दाबा, ती सहज आत जाऊ नये. बूट सपाट काउंटरवर ठेवून मागून पाहिला तर दोन्ही टाचा सरळ उभ्या दिसायला हव्यात. स्वस्त मालात वरचं कापड तळावर तिरकं चिकटवलेला जोड क्वचित नाही, बऱ्याचदा निघतो. तो चालताना कळत नाही, धावताना गुडघ्याला कळतो.

माप हा या सगळ्यातला सर्वात महत्त्वाचा भाग आणि त्यात घाई सर्वाधिक होते. संध्याकाळी जावं, दिवसभराने पाय थोडे सुजलेले असतात आणि धावतानाही तसेच होतात. धावताना घालतो तेच मोजे सोबत घ्यावेत. घरी आधी भिंतीला टाच लावून कागदावर उभं राहावं आणि सगळ्यात लांब बोटापुढे खूण करावी. ते बोट प्रत्येकाचं अंगठाच असेल असं नाही, अनेकांचं दुसरं बोट लांब असतं. दोन्ही पाय मोजावेत आणि मोठ्या पायाचं माप धरावं. बुटात त्या बोटापुढे एक सेंटिमीटरच्या आसपास मोकळी जागा हवी. टेकडी उतरताना पाय पुढे सरकतो. ही जागा नसली तर प्रत्येक पावलाला नख पुढे आपटतं, आधी काळं पडतं आणि मग निघतं. यूके मापात एका नंबराचा फरक साधारण साडेआठ मिलिमीटर असतो, अर्ध्याचा सव्वाचार. अर्ध्या नंबराचे बूट ज्या कंपनीत मिळतात तिथे त्याचा फायदा घ्यावा. आणि एका कंपनीचा 8 दुसऱ्या कंपनीचा 8 नसतो. जिभेच्या आत छापलेल्या लेबलवर यूके, यूएस, युरोपियन आणि सेंटिमीटर असे चार आकडे असतात. आधीच्या बऱ्या बसणाऱ्या जोडाचा सेंटिमीटरचा आकडा लिहून नेला तर तुलना सोपी जाते.

लांबीइतकीच रुंदीही बघायला हवी. आतली गादी, म्हणजे इनसोल, बाहेर काढून जमिनीवर ठेवावी आणि तिच्यावर उभं राहावं. करंगळीची बाजू गादीबाहेर सांडत असेल तर तो बूट अरुंद आहे, आणि एक नंबर मोठा घेऊन ते सुटत नाही. त्याने फक्त टाच सैल होते. चपला-सँडलमध्ये वाढलेला रुंद चवडा आपल्याकडे खूप दिसतो. काही कंपन्यांत 2ई आणि 4ई अशा रुंद आवृत्त्या मिळतात, त्या मागून पाहाव्यात. घालून झाल्यावर दुकानातल्या दुकानात थोडं धावावं. जवळ उतार असेल, पार्किंगचा रॅम्प असेल, तर तिथे उतरून पाहावं, अर्थात दुकानदाराला विचारून. टाच उचलत असेल तर सगळ्यात वरच्या, सहसा मोकळ्याच राहणाऱ्या भोकातून नाडी आत घालून दोन्ही बाजूंना छोटे फास करावेत, समोरची नाडी त्या फासातून ओवून खाली ओढावी आणि मग गाठ मारावी. टाच जागेवर बसते आणि चवडा मोकळा राहतो. एवढं करूनही टाच घासत असेल तर तो बूट तुमचा नाही. "घालून घालून सैल होईल" हे चामड्याच्या बुटाला लागू होतं. जाळीचा बूट पहिल्या दिवशी जसा बसतो, जवळपास तसाच शेवटपर्यंत बसतो.

वरची जाळी निवडताना पुण्याचं वेळापत्रक डोक्यात असावं. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात पाणी, आणि पाऊस संपला की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कुसळं. मोठ्या भोकांची जाळी हवेशीर असते, पण कुसळ तिच्यातून सरळ बोटांपर्यंत जातं. घट्ट विणीची जाळी आणि दोन्ही बाजूंनी आतून शिवलेली जीभ असली की खडे आणि कुसळ दोन्ही कमी होतात. अडकलेलं कुसळ बाहेरून उपटायचा प्रयत्न करू नये. त्याच्या टोकावरचे केस मागच्या दिशेने वळलेले असतात, ते ओढलं की आणखी घट्ट बसतं किंवा तुटतं. बूट काढून आतून टोक चिमट्यात धरावं आणि ज्या दिशेने ते घुसलंय त्याच दिशेने पुढे ओढून काढावं. पूर्ण सुती मोजे टेकडीला टाळावेत. ते घाम आणि पाणी धरून ठेवतात, आणि ओलं कापड घासून फोड येतात.

वॉटरप्रूफ बुटांवर इथे पैसे घालू नयेत. आपला पाऊस वरून पडतो, पायावरून ओघळून बुटात उतरतो, आणि वॉटरप्रूफ पडदा त्याला बाहेर जाऊ देत नाही. साधा जाळीचा बूट भिजतो तसा निथळतोही.

आता किंमत. असिक्सची जेल-व्हेंचर आणि नायकीची ज्युनिपर ट्रेल ही सलग रबराची, मध्यम दातांची, फार मऊ नसलेली मॉडेलं सवलतीच्या काळात अडीच ते पाच हजारांच्या टप्प्यात येतात. डेकॅथलॉनच्या स्वतःच्या ट्रेल बुटांचा सुरुवातीचा वर्गही पाहण्यासारखा असतो, आणि तिथे घालून, हिंडून पाहायला मोकळीक असते. मॉडेलच्या नावापुढचा क्रमांक दरवर्षी-दोन वर्षांनी वाढतो. आधीचा क्रमांक नवीन आल्यावर स्वस्त होतो, आणि या वर्गातल्या बुटांत एका क्रमांकाने पायाला कळेल असा फरक सहसा पडत नाही. एक हिशेब मात्र जरूर करावा. 22 सप्टेंबर 2025पासून करापूर्वी 2,500 रुपयांपर्यंत किंमत असलेल्या जोडाला 5 टक्के जीएसटी आहे आणि त्याहून महाग जोडाला 18 टक्के. म्हणजे 2,600 रुपयांच्या जोडाची करापूर्वीची किंमत सुमारे 2,476 आणि 2,900च्या जोडाची सुमारे 2,458. तीनशे रुपये जास्त देऊन बुटासाठी मात्र थोडे कमीच मोजले जातात. तेव्हा एकतर 2,600च्या आत थांबावं किंवा सरळ साडेतीन-चार हजारांकडे जावं, जिथे रबर आणि फोम दोन्हींत खरा फरक दिसतो.

सवलतीतला जुना माल घेताना डब्यावर छापलेला उत्पादनाचा किंवा आयातीचा महिना आणि वर्ष वाचावं, ते छापणं बंधनकारक असतं. ईव्हीएचा बूट दोन वर्षं डब्यात राहिला तर फारसं बिघडत नाही. पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा तळ असेल तर जपून. हा फोम हवेतल्या ओलाव्याने आतून कुजत जातो आणि काही वर्षांनी, न वापरताही, चालता चालता त्याचा भुगा होतो.

जोड किती चालतो, याचं साधारण उत्तर 500 ते 800 किलोमीटर. आठवड्याला 20 किलोमीटर धावणाऱ्याला तो सहा ते नऊ महिने पुरतो. 4,500 रुपयांचा जोड 700 किलोमीटर गेला तर किलोमीटरमागे साडेसहा रुपयांच्या आत पडतो. बारा हजारांचा मऊ फोमचा बूट 500 किलोमीटरला थकला तर तोच आकडा 24 रुपये. आयुष्य वाढवायचं तर उन्हात वाळवणं आणि गाडीच्या डिकीत ठेवणं बंद करावं. एप्रिलच्या दुपारी बंद गाडीत इतकं तापतं की तळाचा चिकटद्रव मऊ पडतो. ओला बूट गादी काढून, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली ठेवावा आणि बोळे दोन-तीन तासांनी बदलावेत. चिखल ओला असताना पुसू नये, वाळू द्यावा, तळ एकमेकांवर आपटून झाडावा आणि जुन्या टूथब्रशने घासावा. वॉशिंग मशीनमध्ये टाकू नये.

पुढच्या टोकाला रबर सुटायला लागलं तर लगेच पाहावं, अर्धा सेंटिमीटर सुटलेलं जोडता येतं, चार सेंटिमीटर सुटलेलं टिकत नाही. फेविक्विक लावू नये. ते काचेसारखं कडक होतं आणि पहिल्याच वाकण्याला तडकतं. दोन्ही बाजू धुऊन पूर्ण वाळवाव्यात, पॉलिश पेपरने खरखरीत कराव्यात, फेविबॉन्डसारख्या लवचीक रबरी चिकटद्रवाचा पातळ थर दोन्हीकडे द्यावा आणि दहा-पंधरा मिनिटं, बोटाला चिकटणार नाही इतपत सुकू द्यावा. मग जोराने दाबावं, वरून सुतळीने आवळून बांधावं आणि एक दिवस हात लावू नये. शिलाई घालून घ्यायची असेल तर फक्त टोकाला घ्यावी. मध्ये घातलेले टाके फोम कापतात आणि त्याच भोकांतून पाणी आत येतं.

दातांच्या कडा गोल झाल्या, फोमच्या बाजूला आडव्या सुरकुत्या कायमच्या बसल्या, टेबलावर ठेवल्यावर टाच एका बाजूला कलायला लागली, किंवा नेहमीच्याच अंतराला नडगी दुखायला लागली, की तो जोड टेकडीवरून उतरवावा. सपाट रस्त्यावर चालण्यासाठी तो आणखी काही महिने वापरता येतो. उतारावर मात्र नवा जोडच हवा, आणि त्याचेही पहिले 20-30 किलोमीटर रस्त्यावर काढून मगच त्याला मुरमावर न्यावं.